खुळा कुणाला म्हणायचं?

आमच्या बेळगाव भागात माणसाला मूर्ख ठरवायला शब्दांची वाण नाही. मराठीतले खुळा, येडा, बावळट, मठ्ठ आहेतच, शिवाय शेजारच्या कन्नडमधून आलेले हुच्च आणि दड्ड. आमटीत मीठ दोनदा पडलं की 'खुळी का काय!' आणि पोरगं दप्तर विसरलं की 'दड्ड कुठला!' दिवसातून दहादा हे शब्द तोंडून जातात. त्यात राग थोडा आणि मायाच जास्त असते. पण यातलाच एखादा शब्द कुणाच्या नावाच्या जागी येऊन बसला, की त्यातली माया संपते.

माझ्या सर्वांत धाकट्या काकाला अख्खं गाव 'खुळा' म्हणायचं. पहिलीच्या वर्गात तो दोन वर्षं बसला आणि मग घरीच राहिला. दहाच्या पुढचे आकडे त्याला कधी जमले नाहीत. बाजारात पाठवलं तर उरलेले सुटे पैसे दुकानदार देईल तेवढे. पण गोठ्यातली गाय व्यायला आली की ते सगळ्यांत आधी त्याला कळे. मग कंदील घेऊन रात्रभर तोच जागायचा. घरात भांडण झालं तर दोन्ही बाजू गप्प होईपर्यंत तो ताटावर बसत नसे.

पुढे कॉलेजात मानसशास्त्र घेतलं, तेव्हा 'इडियट' हा शब्द मला चक्क पाठ्यपुस्तकात भेटला. मूळ ग्रीक शब्द 'इडिओटेस'. त्याचा अर्थ मूर्ख असा नव्हता. नगराच्या कारभारात नसलेला, आपल्यापुरतं पाहणारा साधा माणूस, एवढाच होता. त्याचा पुढे अडाणी झाला, मग मूर्ख झाला आणि शेवटी शास्त्राने त्याला मोजपट्टीवर बसवलं. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ साली बुद्धिमापनाची चाचणी तयार केली. कोणत्या मुलांना शाळेत जादा मदत लागेल ते ओळखावं, हा त्यांचा हेतू. पण ही चाचणी अमेरिकेत पोहोचली आणि मदतीऐवजी प्रतवारी सुरू झाली. मानसिक वय दोन वर्षांपर्यंत असेल तो 'इडियट', तीन ते सात असेल तो 'इम्बेसाइल', आणि त्यावर बारापर्यंतच्यांसाठी हेन्री गोडार्ड यांनी १९१० साली 'मोरॉन' हा नवा शब्द काढला. आज हे तिन्ही शब्द शिव्या आहेत, पण एके काळी ते डॉक्टरांच्या कागदावर लिहिले जात.

ही मोजपट्टी वाचताना मला आमच्या समर्थांची आठवण झाली. दासबोधाचा दुसरा दशक मूर्खलक्षणांनी सुरू होतो. त्या लांबलचक यादीत समर्थांचा मूर्ख कोण आहे? ज्यांच्या पोटी जन्मला त्यांनाच विरोध करणारा, स्वतःची स्तुती स्वतःच करणारा, भांडण सोडवायचं सोडून मजा बघत उभा राहणारा. एवढ्यावर न थांबता त्याच दशकाच्या शेवटी समर्थांनी 'पढतमूर्ख' वेगळा सांगितला, म्हणजे शिकलेला, जाणता आणि तरीही मूर्ख. समर्थांनी वर्तन मोजलं. त्या यादीत मी काकाला पुष्कळ शोधलं, पण तो काही सापडला नाही. गावातले बरेच शहाणे मात्र सापडले.

मग साधाभोळा माणूस आपोआप तरून जातो का? दोस्तोयेव्हस्की तसं म्हणत नाही. त्याची 'इडियट' ही कादंबरी १८६८ साली रशियन मासिकातून क्रमशः येऊ लागली. तिचा नायक प्रिन्स मिश्किन याला फेफऱ्याचा आजार आहे, जो खुद्द लेखकालाही होता. स्वित्झर्लंडमधल्या उपचारांनंतर तो रशियात परततो. त्याला डावपेच कळत नाहीत, अपमान करणाऱ्यावर डूख धरता येत नाही. लोक त्याला इडियट म्हणतात आणि मनातलं सांगायला त्याच्यापाशीच येतात. पण त्याच्या चांगुलपणाने कुणी वाचत नाही आणि तोही वाचत नाही. शेवटी उरलीसुरली बुद्धी हरवून तो पुन्हा स्वित्झर्लंडच्या त्याच इस्पितळात जातो. पुस्तक मिटल्यावर वाटलं, अशा माणसाजवळ मन मोकळं करणारे पुष्कळ मिळतात, त्याच्या बाजूने उभं राहणारं एखादंच.

आमच्या घरात ते माणूस होतं आमची आजी. १९७१ साली आजोबा वारले आणि वाटणीची बोलणी सुरू झाली. मी तेव्हा नववीत होते. मध्यस्थीला आलेले एक नातेवाईक वकिलाकडे कारकुनी केलेले. ते म्हणाले, "जमिनीचे तीन वाटे करा. खुळ्याला वाटा लागत नाही, कायदाच आहे तसा. दोन वेळचं जेवण घातलं की झालं." सगळे खाली बघत राहिले. आजी उंबऱ्यात बसली होती. ती एवढंच म्हणाली, "चार ल्याक माझे. तीनच कसे मोजालास रे बाबा?"

त्या गृहस्थांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. मनुस्मृतीने अशा माणसाला वाटा नाकारून फक्त अन्नवस्त्र देऊ केलं आहे. १९२८ च्या कायद्याने व्याधी वा व्यंग असलेल्यांवरची वारसाबंदी उठवली, पण जन्मापासूनचे 'लुनॅटिक' आणि 'इडियट' तेवढे बाहेरच ठेवले. मात्र १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या २८ व्या कलमाने ती भिंतही पाडली. रोग, दोष किंवा व्यंग या कारणाने वारसा नाकारता येत नाही. म्हणजे आमच्या ओसरीवर तो नियम सांगितला गेला, तेव्हा तो रद्द होऊन पंधरा वर्षं झाली होती. आजीला कुठलंच कलम ठाऊक नव्हतं. तिने फक्त मुलं मोजली.

वाटे चार झाले. आजी १९८३ साली गेली. काका त्यानंतर एकवीस वर्षं जगला. त्याच्या वाट्याचं शेत थोरले काका कसत. त्या भातावर त्याचं जेवणखाण आणि औषधपाणी चाले. तो कुणाच्या उपकारावर जगला नाही, आणि कुणाला त्याला तसं ऐकवताही आलं नाही.

आता शब्द बदलले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'बौद्धिक अक्षमता' असा शब्द आहे. चांगलंच झालं. पण 'मतिमंद' हा शब्दही एके काळी सभ्य म्हणूनच आणला होता, आज शाळेतली मुलं तो एकमेकांना चिडवायला वापरतात. अशा मुलांच्या आईबापांना वेगळीच काळजी असते, 'आमच्या माघारी याचं काय?' त्यांनी एक गोष्ट माहीत करून घ्यावी. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार, मूल अठरा वर्षांचं झाल्यावर त्याच्यासाठी कायदेशीर पालक नेमता येतो. त्यासाठी जिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याचा समावेश असलेली स्थानिक समिती असते, तिच्याकडे अर्ज करायचा.

आणि घरात वाटणीचा कागद होत असेल, तर सही करण्याआधी नावं मोजावीत. त्या माणसाला काय म्हणायचं, ते नंतर ठरवलं तरी चालेल.