चार हिरवे दाणे

धानाच्या बियाण्याच्या पिशवीवर एक आकडा छापलेला असतो. धान हलके असेल तर पेरल्यापासून सुमारे १२० दिवसांत पिकेल, भारी असेल तर १४०-१५० दिवस लागतील. हा आकडा वाचला की मला धानाचा हेवा वाटतो. माणसाच्या कपाळावर असे काही छापून आले असते तर किती बरे झाले असते! गेली वीस वर्षे मी चंद्रपुरात मराठी शिकवतो. विद्यार्थ्यांच्या वह्यांवर ‘विचारांत परिपक्वता हवी’ हा शेरा लाल शाईने किती वेळा मारला असेल, याची गणती नाही. पंचेचाळिशी उलटल्यावर प्रथमच मनात आले, की हा शेरा माझ्याच वहीवर तर शोभला नसता? या शंकेला निमित्त झाले ते आमचे दीड एकर शेत.

शेत नागभीड तालुक्यात आहे. चार बांध्या, धुऱ्यावर मोहाची दोन झाडे आणि पलीकडे रान. रानात वाघ आहे. म्हणून आमच्याकडे पहाटे शेतावर निघालेला माणूस एकटा असला तरी मोठ्याने बोलत जातो. वडील असेच बोलत जात. लहानपणी मला वाटे, ते धानाशीच बोलतात.

कापणीच्या आधी एक सकाळ ते बांधीत घालवीत. निवडक लोंबी खुडायच्या, त्यांची जुडी बांधायची आणि घरात आढ्याला टांगायची. ते पुढच्या वर्षाचे बियाणे. “येतोस का? लोंब कोणती घ्यायची ते दाखवतो,” असे ते मला दर वर्षी विचारीत. आणि दर वर्षी माझ्या टेबलावर तपासायच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा असे. “पुढच्या वर्षी, बाबा,” मी म्हणे. मग एका उन्हाळ्यात दोन दिवसांच्या तापाचे निमित्त झाले आणि वडील गेले. पुढचे वर्ष ठरल्याप्रमाणे आले. त्यात ते नव्हते.

त्या वर्षी रोवणी झाली, निसवा झाला. श्रावणातल्या एका वादळाने बांधी पार झोपवली होती; पण धान तेव्हा हिरवे होते. दोन दिवसांत ते पुन्हा ताठ उभे राहिले. दिवाळीच्या सुमारास सगळे शेत पिवळे झाले. शेजारचे काकाजी म्हणाले, “भाऊ, कापून घे आता.”

मी लोंब हातात घेऊन पाहिली. बुडाशी चार दाणे हिरवे होते. “अजून पुरते पिकले नाही, काकाजी.”

“चार दाने हिरवे रायले तं रायले. समदं पिकाची वाट पायशील, तं हाती काहीच नाही लागाचं.”

मी हसलो. खरे सांगायचे तर सुट्टी लागायला आठ दिवस होते आणि त्या चार दाण्यांनी माझी मोठीच सोय केली होती. पाचव्या रात्री पाऊस आला. वादळ नव्हे, साधी सर. सकाळी पाहतो तो सगळे धान चिखलात आडवे. आठवडाभरात लोंबीवरच दाण्यांना कोंब फुटले. श्रावणातले वादळ ज्याने अंगावर घेतले, ते धान एका सरीने बसले. तोवर माझी अशी समजूत होती, की पिकणे म्हणजे बळकट होणे. त्या सकाळी कळले, की जे भरते ते जड होते आणि जड झालेल्याला धक्का थोडा पुरतो. जाणता शेतकरी म्हणूनच पुरत्या पिकण्याची वाट पाहत नाही. दाणे झडतात, गिरणीत कणी होते. धान कापायचे ते थोडे हिरवे असतानाच.

आमच्याच तालुक्यात नांदेड नावाचे खेडे आहे. मराठवाड्यातले शहर ते निराळे. तिथल्या दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याचे शिक्षण तिसरीपर्यंतचे. १९८३ साली ‘पटेल-३’ या धानाच्या बांधीत त्यांना तीन लोंबी वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपल्या आणि पुढच्या हंगामात शेताच्या मधोमध लावून रानडुकरांसाठी भोवती काटे घातले. वर्षानुवर्षे निवड करीत त्यांनी त्यातून जे बारीक धान काढले, त्याला व्यापाऱ्यांनी तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव दिले : एचएमटी. आज तो तांदूळ दूरदूरच्या ताटांत आहे. मला मात्र ती पिशवी आठवते. तीन लोंबी! एका डुकराने सारे संपले असते. ‘आधी कापणी उरकू, मग बघू’ असे दादाजी म्हणाले असते, तर त्या लोंबी खळ्यावर बाकीच्यांत मिसळून गेल्या असत्या. ३ जून २०१८ रोजी दादाजी गेले. मृग चार-पाच दिवसांवर होता. त्यांच्याही मनात त्या हंगामाचे काही राहिलेच असेल.

वडिलांचेही राहिले. लोंब कोणती घ्यायची, हे मला दाखवायचे राहिले. फरक एवढाच, की त्यांचे ते चार दाणे हिरवे ठेवणारा मी होतो.

गेल्या वर्षी कापणीच्या आधी मी मुलीला घेऊन शेतावर गेलो. येतेस का, असे विचारले नाही. तिलाही परीक्षा होती. वाटेने दोघे मोठ्याने बोलत गेलो. लोंब कोणती निवडायची ते मलाही ठाऊक नव्हते, म्हणून बापलेक काकाजींपुढे विद्यार्थी होऊन उभे राहिलो. त्यांनी माझ्या निम्म्या लोंबी टाकून दिल्या. तिच्या मात्र बहुतेक ठेवल्या. घरी येऊन तिने जुडी आढ्याला टांगली. मी खाली उभा राहून पाहत होतो. एका लोंबीच्या बुडाशी चार दाणे हिरवेच होते.

माझा हात सवयीने वर गेला होता. तो मी खाली घेतला.