सूनबाईंचा संगणक

एकत्र कुटुंबांत एखादें यंत्र विकत घेणें ही गोष्ट वाटते तितकी साधी नाहीं. शिवणाचें यंत्र आणलें तर तें घरांतील सर्व स्त्रियांचें होतें. फ्रीज आणला तर तो स्वयंपाकघराचा होतो. परंतु एकाच माणसाच्या कामाचें यंत्र समाईक निधींतून घ्यावयाचें ठरलें, म्हणजे त्याच्या प्रत्येक भागाविषयीं घरांतील प्रत्येकास मत असतें, आणि तें मत मोठ्यानें सांगण्याचा हक्कहि असतो. २०२५ सालच्या दिवाळीच्या सुमारास आमच्या गिरगांवांतील घरीं हाच अनुभव आला.

आमच्या थोरल्या बंधूंची सून वास्तुशास्त्राची पदवीधर आहे. न बांधलेली इमारत बांधून झाल्यावर कशी दिसेल, सकाळचें ऊन तिच्या दिवाणखान्यांत कोठवर येईल, याचीं हुबेहूब चित्रें संगणकावर करून देणें हें तिचें काम. पांच वर्षें तिनें तें एका कचेरींत केलें. मूल झाल्यावर रोज अंधेरीपर्यंतची लोकलची धांवपळ तिला जमेना. तेंच काम घरीं बसून स्वतंत्रपणें करावें असें तिच्या मनांत आलें. मात्र त्यास साधा संगणक पुरत नाहीं. दादांनीं निधींतून दोन लाख रुपये मंजूर केले आणि भाग निवडण्याचें काम आमच्या पुतण्याकडे सोंपविलें. तो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत शिकतो, आणि या विषयांत त्याचा शब्द घरांत अखेरचा मानला जातो.

तयार कपडे आणि शिंप्याकडून मापानें शिवून घेतलेले कपडे यांत जें अंतर, तेंच तयार संगणक आणि जुळविलेला संगणक यांत असतें. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, एसएमपीएस आणि हें सर्व सामावणारी कॅबिनेट, असा एकेक जिन्नस वेगळा पारखून घ्यावयाचा. पुतण्याच्या यादींत रायझन ७ ९८००एक्स३डी हा प्रोसेसर होता, आरटीएक्स ५०८० हें ग्राफिक्स कार्ड होतें, आणि चारी बाजूंनीं रंगीत दिवे लुकलुकणारी कांचेची कॅबिनेट होती. निम्म्याहून अधिक रक्कम एकट्या कार्डाची! "याहून वेगवान यंत्र दोन लाखांत होणें नाहीं, काका," तो म्हणाला.

तीन संध्याकाळ या यादीवर खल झाला. दादांचें म्हणणें, लग्नसराई उरकूं द्या, भाव उतरतील. थोरल्या वहिनींनीं सर्व नांवांपैकीं 'एटी प्लस गोल्ड' एवढेंच लक्ष देऊन ऐकलें आणि सोनें कोठें बसवितात तें विचारलें. वस्तुतः तो वीजपुरवठ्याच्या काटकसरीचा दाखला आहे. निम्म्या भारावर निदान सुमारें नव्वद टक्के वीज कामीं येते, एवढाच त्याचा अर्थ. सूनबाई दाराशीं मुलाला थोपटीत उभ्या होत्या. जिच्यासाठीं हा खटाटोप, ती कोणत्या प्रोग्रामवर काम करते हें तीन दिवसांत कोणी विचारलें नव्हतें. चौथ्या संध्याकाळीं आम्हीं विचारलें. त्या आंत गेल्या आणि एक वही घेऊन आल्या.

ही वही आमच्या मतें त्या साऱ्या खरेदींतील सर्वांत मोलाची वस्तु होय. कचेरींतील अखेरच्या महिन्यांत प्रत्येक मोठें चित्र तयार होत असतां यंत्राचा कोणता भाग किती राबतो, याची नोंद त्यांनीं ठेविली होती. चित्रास चार तास लागले. प्रोसेसर चारी तास शंभर टक्के गुंतलेला. बत्तीस जीबी रॅम पहिल्या अर्ध्या तासांतच भरली आणि पुढें यंत्र रडतखडत चाललें. ग्राफिक्स कार्ड जवळजवळ स्वस्थ. पानोपानीं हेंच. त्यांचा प्रोग्राम 'कोरोना'. हें नांव ऐकतांच आमच्या मातोश्रींनीं कपाळास हात लावला. पण २००९ साली प्राग येथील एका विद्यार्थ्यानें आरंभिलेला हा प्रोग्राम साथीहून बराच जुना आहे. प्रकाशाचे किरण भिंतींवर, कांचेवर, फरशीवर आपटून कसे परततात याचा हिशेब तो करतो, आणि हा हिशेब जवळजवळ सारा प्रोसेसरवरच होतो. लाखाचें कार्ड घेतलें असतें तर त्यानें चार तास शोभा पाहिली असती.

येथें 'वेगवान' या शब्दाचा उलगडा केला पाहिजे. पुतण्याच्या प्रोसेसरांत आठ कोअर आहेत. त्याला जोडलेली शहाण्णव एमबीची जलद स्मृति खेळांना फार मानवते, आणि २०२४ च्या नोव्हेंबरांत तो बाजारांत आला तेव्हां खेळांसाठीं त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता. पोराचें म्हणणें त्या अर्थीं खरेंच होतें. परंतु चित्राचे तुकडे करून प्रत्येक कोअरनें आपापला तुकडा रंगवावयाचा, असें काम असेल तर हात अधिक हवेत. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें आलेल्या रायझन ९ ९९५०एक्स मध्यें सोळा कोअर आहेत. अशा कामाला तो जवळजवळ निम्म्या वेळांत उरकतो. पुतण्या त्या रात्रीं फारसा बोलला नाहीं. सकाळीं मात्र नवी यादी त्यानेंच करून आणली, आणि ती पहिलीपेक्षां चांगली होती.

रॅमची गोष्ट निराळी. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांनीं जगांतील स्मृतीच्या चिपांची मागणी इतकी वाढविली, कीं २०२५ च्या अखेरीस घरगुती गिऱ्हाइकाला मिळणाऱ्या रॅमचे भाव पाहतां पाहतां दुप्पट झाले. लग्नसराई संपण्याची वाट पाहण्यांत शहाणपण नाहीं, असें आम्हीं दादांना निक्षून सांगितलें. चौसष्ट जीबी हवी होती. ती सोळाच्या चार पट्ट्यांनीं न घेतां बत्तीसच्या दोन पट्ट्यांनीं घेतली. कारण या प्रोसेसरवर दोन पट्ट्यांना जो वेग कंपनी मान्य करते तो ५६००, आणि चार भरल्या तर ३६००. वाढलेली किंमत भागविण्यासाठीं कार्ड आठ जीबीचें, साधें घेतलें.

खरेदीला आम्ही चौघेंजण लॅमिंग्टन रोडला गेलों. लॉर्ड लॅमिंग्टन हे १९०३ ते १९०७ या काळांत मुंबईचे गव्हर्नर होते. रस्त्याचें अधिकृत नांव कधींच बदललें असून तें डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असें आहे. पण रॅम मागणारा कोणी तें नांव घेत नाहीं. एका दुकानदारानें हलका एसएमपीएस पुढें केला. आम्हीं नाकारला. इतर भाग बिघडले तर एकटे बिघडतात. हा बिघडला तर शेजाऱ्यांना घेऊन जातो. शिवाय साडेआठशे वॅटचा चांगला घेतला म्हणजे पुढें मोठें कार्ड बसवावयास जागा राहते. प्रोसेसर पूर्ण भारावर सुमारें दोनशें वॅट ओढतो. त्याला पाण्याची नळी नको, दोन पंख्यांचा भक्कम कूलर पुरे, असें आमचें मत पडलें. मुंबईच्या दमट हवेंत जितके सांधे कमी तितकें बरें. वीज गेली तर अर्धें चित्र वायां जाऊं नये म्हणून यूपीएस घेतला. कॅबिनेट जाळीची घेतली. कांचेची घेतली नाहीं. पुतण्याच्या समाधानासाठीं रंगीत दिव्याचा एकच पंखा मान्य झाला.

पावती करतांना दुकानदारानें नांव विचारलें. दादांनीं संवयीनें स्वतःचें सांगितलें. सूनबाई हळूच म्हणाल्या, "बाबा, पावती माझ्या नांवें असूं द्या. हा माझ्या कामाचा खर्च म्हणून हिशेबांत दाखवावा लागेल. आणि निधीचे पैसे मी दरमहा परत करणार आहें."

"घरच्या पैशांची परतफेड कसली?" दादा म्हणाले. त्यांच्या स्वरांत राग नव्हता. दुखावल्याची छटा मात्र होती.

"मग पुढच्या वेळीं मागतांना मला संकोच होईल," त्या म्हणाल्या.

दुकानदार बोटें कळफलकावर ठेवून थांबला होता. दादांनीं चष्मा काढून पुसला, पुन्हां लावला आणि म्हणाले, "त्या सांगतील तसें लिहा."

पहिलें चित्र एक तास पन्नास मिनिटांत झालें. पहिला हप्ता संक्रांतीस आला. तो निधीच्या वहींत जमेच्या बाजूस दादांनीं स्वहस्तें लिहिला आहे.