आडनाव न विचारणारी खोली

लंडनमधल्या मराठी घरांत दारूबद्दल दोनच वेळा बोललं जातं. पार्टीत मोठ्यानं, आणि कुणाचा संसार मोडला की दबक्या आवाजात. मधली जी वर्षं माणूस हळूहळू बुडत असतो, त्यांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. परदेशात आपली माणसं मोजकी. गणपतीला, दिवाळीला, मुलांच्या मराठी शाळेत तेच चेहरे. एकाला कळलं की सगळ्यांना कळलं, आणि आठवडाभरात गावाकडेही.

म्हणून जेव्हा एका तरुणानं मला फोन करून सांगितलं, "ताई, मला दारू सुटत नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला जायचंय, पण एकट्याचा पाय उचलत नाही," तेव्हा त्याच्या धैर्याचंच मला कौतुक वाटलं. सातारा जिल्ह्यातला मुलगा, आजोबा माळकरी, इथे चांगली नोकरी. त्याला विचारूनच हे लिहिते आहे.

मीटिंगच्या आधी मी त्याला डॉक्टरकडे पाठवलं. हे ठासून सांगायला हवं. रोज भरपूर पिणाऱ्यानं ईर्ष्येनं एका दिवसात बंद केली, तर हात थरथरतात, भास होतात, फिट येऊ शकते, प्रसंगी जीवही जातो. इथे आपल्या जीपीला मोकळेपणानं सांगितलं, की तो भागातल्या व्यसनमुक्ती सेवेकडे पाठवतो आणि उपचार मोफत होतात. डॉक्टर कंपनीला कळवतील या धास्तीनं आपले लोक तिथवरही पोचत नाहीत. तुमच्या संमतीशिवाय डॉक्टर सहसा नोकरीच्या ठिकाणी असलं काही कळवत नाहीत.

मीटिंग शोधणं त्यामानानं सोपं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की यादी येते. 'क्लोज्ड' मीटिंग दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठीच असते, 'ओपन'मध्ये सोबत कुणीही बसू शकतं. राहायला हॅरोला, पण त्यानं निवडली नदीपलीकडची, दक्षिण लंडनमधली 'ओपन' मीटिंग, म्हणजे मलाही सोबत बसता येईल. ओळखीचं कुणी भेटायला नको! पहिल्या दिवशी ते ठीकच. पण कामावरून थकून आल्यावर, पाऊस असताना जी गाठता येईल तीच मीटिंग टिकते, असं मला वाटतं.

मीटिंग चर्चच्या हॉलमध्ये म्हटल्यावर तो बिचकला होता. हॉल नुसता भाड्यानं घेतलेला असतो. बाजूचं दार, आत लाकडी फरशी, कोपऱ्यात बालवाडीची खेळणी, चहाचा मोठा स्टीलचा बंब आणि बशीत बिस्किटं. दाराशी उभ्या असलेल्या बाईंनी हात मिळवून नाव विचारलं. फक्त पहिलं. आडनाव कुणीच विचारलं नाही. आपल्याकडे आडनाव सांगितलं की गाव, जात, कुणाचा कोण, सगळं पाठोपाठ येतं. त्या खोलीत हे काहीच बरोबर न्यावं लागत नाही, आणि त्यानं माझ्या शेजारी बसताना खांदे सैल सोडलेले मी पाहिले.

तिथे कोण काय बोललं ते सांगणार नाही. तसा शब्दच असतो. रीत मात्र सांगते. एकजण आपली कहाणी सांगतो, मग बाकीचे. कुणी मध्ये बोलत नाही, सल्ला देत नाही. फी नाही, शेवटी डबा फिरतो, ज्याला जमेल त्यानं टाकावं. बाहेरच्यांची देणगी घेत नाहीत. देवाचं नाव येतं, पण ज्याला जसा उमगेल तसा. ज्यांना तेही नको असेल, त्यांच्यासाठी 'स्मार्ट रिकव्हरी'सारखे गट आहेत.

परत येताना ट्यूबमध्ये मी त्याला या सगळ्याची सुरुवात सांगितली. 1935 साली बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल कामासाठी ओहायोतल्या अ‍ॅक्रनला गेला. व्यवहार फिसकटला. काही महिन्यांपूर्वीच दारू सोडलेली, हातात फारसे पैसे नाहीत, आणि हॉटेलच्या लॉबीतून बार दिसतोय. त्यानं चर्चच्या यादीतले फोन फिरवायला सुरुवात केली: मला बोलायला एखादा दारुडा मिळवून द्या. त्यातून त्याची गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी. परगावी एकटा पडलेल्या माणसाच्या गरजेतून ही चळवळ निघाली. भारतात ती 1957 साली आली. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, तिथेही व्यसनातून बाहेर आलेली माणसंच नव्यांना हात देतात. मुक्तांगणचं नाव अभिमानानं घेणारे आपण, इथे लंडनमध्ये शेजारच्या घराबद्दल गप्प का बसतो?

आता दर गुरुवारी तो मीटिंगच्या अर्धा तास आधी जाऊन बंब लावतो. नव्या माणसाला चहाचं काम मुद्दाम देतात. काम असलं की यावंच लागतं. मध्ये एकदा घसरला, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. कुणी हिशेब मागितला नाही. त्याची बायको पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असलेल्या अल-अ‍ॅनॉनला जाऊ लागली आहे, हे मला त्याच्याइतकंच महत्त्वाचं वाटतं, कारण घरच्यांनीही वर्षानुवर्षं तोंड मिटून धरलेलं असतं.

आपल्या मंडळांकडे माझं एक मागणं आहे. कार्यक्रमपत्रिकेच्या तळाशी, हॉलच्या भाड्याच्या आणि पार्किंगच्या सूचनांजवळ, मदतीचा फोन नंबर छापा. आग्रह करकरून ग्लास भरणं थांबवा. पुढच्या वार्षिक सभेत मी हा ठराव मांडणार आहे, आणि अनुमोदन द्यायला कोण उभं राहतं ते बघणार आहे.