देवगांडूळ आणि दोन मार्क

मी नक्की काय शिकवायचे याबद्दल आमच्या घरात कायम गोंधळ. "आत्या प्राणिशास्त्राची प्रोफेसर आहे" म्हटलं की भाचरांच्या डोळ्यांपुढे वाघ-सिंह यायचे. पुढचा प्रश्न ठरलेला, "आत्या, तू जंगलात वाघ बघितलास?" नाही रे बाळांनो, मी बघितली ती देवगांडुळं! एवढं ऐकलं की मंडळी विषय बदलायची. आता निवृत्त झालेय, ब्लॉगही माझाच आहे, तेव्हा आज ऐकावंच लागेल :)

देवगांडूळ हे गांडूळ नव्हे आणि सापही नव्हे. ते बेडकाच्या नात्यातलं, म्हणजे उभयचर. पाय नाहीत, अंगावर वळी, डोळे कातडीखाली झाकलेले. डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्ये एक इवलासा स्पर्शक असतो, त्यावर वास घेत हे ओल्या मातीतून फिरतं आणि गांडुळं, वाळवी खातं. जगभरात यांच्या सुमारे २२० जाती आहेत. आपल्या सह्याद्रीतही आहेत, पण आयुष्य जमिनीखाली, त्यामुळे दिसतात कुणाला?

कॉलेजात मात्र ते सगळ्यांना दिसायचं, फॉर्मेलिनच्या बरणीत. प्रॅक्टिकलला 'स्पॉटिंग' असायचं. बरणी बघायची, 'इक्थिऑफिस' लिहायचं, मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते हे एक वाक्य जोडायचं, दोन मार्क खिशात.

एकदा पावसाळ्यात कोकणातल्या खेड्यातून येणारा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, काल पोफळीच्या बागेत खणताना एक विचित्र साप निघाला. बाबांनी फावड्यानेच मारला." वर्णन ऐकलं आणि पोटात कालवलं. याच मुलाने आठवड्यापूर्वी बरणीवर अचूक नाव लिहिलं होतं. मी त्याला तसं म्हटलं, तर तो प्रामाणिकपणे म्हणाला, "पण मॅडम, बरणीतलं पांढरट असतं. हे जांभळं होतं, चकाकत होतं."

बरोबरच होतं त्याचं. फॉर्मेलिनमध्ये रंग उडतो. नाव पाठ झालं होतं, प्राणी भेटलाच नव्हता.

त्यानंतर दर पावसाळ्यात मी मुलांना बाहेर नेऊ लागले. दगड उचलायचा, खाली बघायचं आणि दगड होता तसाच परत ठेवायचा. हा शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा, कारण तो दगड कुणाचं तरी छप्पर असतो. कितीतरी फेऱ्यांत देवगांडूळ मिळायचंच नाही. गोम, पैसा, वाळा, विंचू मिळायचे. पण मुलं बघायला शिकली.

आणि बघण्यासारखं केवढं शिल्लक होतं! २००३ साली आंबोलीतून 'गेगेनिओफिस डॅनिएली' ही जात नव्याने नोंदली गेली. जे. सी. डॅनियल यांच्या नावावरून तिचं नाव ठेवलं. पुढच्याच वर्षी कोयना परिसरातल्या हुंबरळीहून आणखी एक, 'इंडोटिफ्लस महाराष्ट्राएन्सिस'. २०१२ मध्ये तर ईशान्य भारतातून देवगांडुळांचं एक अख्खं नवं कुळच जाहीर झालं. २००६ साली कळलं की केनियातल्या एका जातीची पिल्लं आईची कातडी सोलून खातात आणि तीच आईची माया! २०२४ मध्ये ब्राझीलमधल्या एका जातीची मादी पिल्लांना दुधासारखा स्निग्ध द्रव पाजते हे समजलं. पिल्लं आवाज काढून तो मागतात म्हणे.

तरीही यांतल्या बऱ्याच जातींपुढे धोक्याच्या जागतिक यादीत 'माहिती अपुरी' असा शेरा आहे. वाघ कमी झाला की देशभर बातमी होते. देवगांडूळ संपलं तर कुणाला कळणार? ज्याने ते कधी पाहिलंय, त्यालाच. अशी माणसं तयार करणं एवढंच माझं काम होतं, असं आता वाटतं.

तो मुलगा पुढे शिक्षक झाला. दर जूनमध्ये त्याचा फोन येतो. "मॅडम, निघालं बागेत. बाबांनी मला हाक मारली आधी, फावडं बाजूला ठेवून."

तर वाचकहो, गावी खणताना ओलसर, वळीवळीचं, खवले न दिसणारं काही वळवळलं तर दोन मिनिटं बघा आणि वर माती ओढून घ्या. त्याला विषारी साप समजायचं कारण नाही. भाचरांनो, तुम्हीसुद्धा!