मिरजेंतील तीन महिने

दक्षिण महाराष्ट्रांत मिरज हें गांव दोन गोष्टींकरितां प्रसिद्ध आहे : रुग्णालयें आणि तंबोरे. डॉ. विल्यम वानलेस यांनीं १८९४ सालीं येथें रुग्णालय उघडलें, तेव्हांपासून महाराष्ट्राबरोबर कर्नाटकांतलेही रुग्ण शस्त्रक्रियेसाठीं या गांवाची वाट धरूं लागले. येथें येणारा पाहुणा पुष्कळदां दुखणें घेऊन येतो आणि बरें वाटेपर्यंत राहतो. प्रस्तुत लेखकही त्यांतलाच. गेल्या पावसाळ्यांत पाय घसरून मांडीचें हाड मोडलें, येथें शस्त्रक्रिया झाली, आणि पुढील तीन महिने ब्राह्मणपुरींतील एका खोलींत काढावे लागले.

शस्त्रक्रिया कांहीं तासांत उरकते. कठीण असतो तो पुढचा काळ. पहिल्या पंधरवड्यांत घरची मंडळी भोंवतीं असते. मग जो तो आपल्या कामास लागतो, आणि आजारी मनुष्य आढ्याकडे पाहत दिवस मोजूं लागतो. काल चार पावलें टाकलीं, आज तीनच, एवढ्यानेंही मन खचतें. पुन्हां पंगतींत मांडी घालून बसतां येईल कीं नाहीं, मुलासुनांवर आपला भार किती दिवस, या विचारांनीं रात्र सरत नाहीं.

अशा एका रात्रीं सुश्रुतसंहितेचें स्मरण झालें. तींत भग्नचिकित्सेच्या अध्यायांत सांगितलें आहे कीं, लहान वयांत हाड एका महिन्यांत सांधतें, मध्यम वयांत त्यास दुप्पट आणि उतारवयांत तिप्पट काळ लागतो. डॉक्टरांनींही फारसें निराळें सांगितलें नाहीं. मोडल्या जागीं प्रथम रक्त साकळतें; मग कूर्चेसारखा मऊ जोड धरतो; त्याचें पुढें हाड बनतें; आणि तें मूळ घडणीस येण्याचें काम त्यानंतरही कित्येक महिने चालतें. मनुष्य निजून असला तरी आंत काम चाललेलेंच असतें. हें उमगल्यावर दिवस लांबच राहिले, परंतु रिकामे वाटेनासे झाले.

सातव्या आठवड्यांत भाच्यानें रिक्षानें सतारमेकर गल्लीच्या तोंडाशीं नेलें. वॉकर टेकीत पन्नासएक पावलें चाललों. ही कला येथें एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास रुजली. फरीदसाहेब आदि मूळचे शिकलगार. शस्त्रांचा व्यवसाय मंदावल्यावर त्यांचे हात वाद्यांकडे वळले. दुकानांत वाळलेले भोपळे टांगलेले होते. एका वृद्ध कारागिरानें स्टूल पुढें केलें आणि सगळें समजावून सांगितलें. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. ते महिनोन्‌महिने वाळवावे लागतात. घाई केली तर तडकतात. मग गळा, दांडी, तबली, खुंट्या, आणि अखेरीस जवारी. घोडी किंचित घासावयाची, तार छेडून ऐकावयाची, पुन्हां घासावयाची.

“किती वेळ लागतो?” मीं विचारलें.

“गुरुजी, तें तार सांगते,” ते म्हणाले. “आपण रोज बसायचं, एवढंच आपल्या हातांत.”

या उत्तरानें मला एक शिस्त लाविली. रोजचीं पावलें मोजणें सोडलें. दर रविवारीं मागील रविवारशीं तुलना करूं लागलों. व्यायाम ठरल्या वेळीं, दुखलें तरी डॉक्टरांनीं सांगितला तेवढाच. त्याहून अधिकही नाहीं. संध्याकाळीं घरमालकांच्या नातीस शब्दरूपें शिकवावयाचीं. तिची वाट पाहण्यांत दुपार सरूं लागली.

निघण्यापूर्वीं ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यांत जाऊन आलों. १९३७ सालीं निधन पावलेले खांसाहेब अब्दुल करीम खां यांची कबर तेथेंच आहे. त्या आवारांत काठीच्या आधारानें मी प्रथमच कोणाचाही हात न धरतां फिरलों.

आज मांडी पुरती घालतां येत नाहीं. पंगतींत माझ्यासाठीं खुर्ची मांडतात. तरी पंगत तीच आहे, आणि वाढणारे हातही तेच आहेत. ज्यांच्या घरीं असा रुग्ण असेल त्यांस एवढीच विनंती : “केव्हां बरें वाटेल?” हा प्रश्न त्यास रोज विचारूं नये. त्यापेक्षां शेंगा सोलावयास द्याव्या, पत्र वाचून घ्यावें, नातवंडाचा पाठ त्याजकडे सोंपवावा. आपली घराला अजून गरज आहे, हें ज्यास रोज कळतें, त्याला उद्यांची वाट पाहण्याचें बळ येतें.