ठणका, कळ आणि सणक

मराठीत दुखण्याला एकच शब्द नाही, ही गोष्ट मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी फार उपयोगी पडली. गळू ठसठसते, दाढेत ठणका लागतो, पाठीत चमक भरते, पोटात कळ येते, पोळलेल्या जागी आग होते. यांतला एक शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. भिलाईत मात्र घराचा उंबरा ओलांडला की आम्ही हिंदी बोलतो, आणि घाईत असलेल्या माणसाच्या हिंदीत या सगळ्यांचे मिळून एकच 'दर्द' होते.

डिसेंबर २०२४ मधली गोष्ट. मी येथे उच्च माध्यमिक वर्गांना भौतिकशास्त्र शिकवतो. एका सकाळी स्कूटरवरून शाळेत जाताना थंड वारा तोंडावर आला आणि उजव्या नाकपुडीच्या कडेपासून वरच्या दाढेपर्यंत विजेचा धक्का बसावा तसे काहीतरी सर्रकन गेले. पाच-सहा सेकंद, फार तर दहा. मग काहीच नाही, जणू ते कधी घडलेच नव्हते. दुपारपर्यंत तसे चार झटके आले आणि आठवडाभरात मी मोजणे सोडून दिले.

हळूहळू त्याचे नियम समजू लागले. दात घासताना यायचे. चहाच्या पहिल्या घोटाला यायचे. दाढी करणे मी थांबवले. सर्वांत वाईट म्हणजे बोलताना यायचे, आणि तेही विशिष्ट अक्षरांना. ओठ एकमेकांना टेकल्याशिवाय प, ब, भ, म हे वर्ण उच्चारता येत नाहीत. त्या आठवड्यात वर्गात प्रकाशिकी चालली होती. प्रकाश, परावर्तन, प्रतिबिंब! ज्या गावात राहतो त्याचे नावसुद्धा ओठांवरूनच सुरू होते. मी फळ्यावर लिहू लागलो आणि पहिल्या बाकावरची एक मुलगी, कोणी न सांगता, ते मोठ्याने वाचू लागली. महिनाभर आमचा वर्ग असाच चालला. माणसाच्या पोटापाण्याचे साधन त्याचे ओठ असतील, तर अशा वेळी त्याला कशाची भीती वाटते हे वेगळे सांगायला नको.

वरची दाढ दुखते म्हटल्यावर एका दवाखान्यात रूट कॅनाल झाले. झटके होते तसेच राहिले. या आजाराच्या कित्येक रुग्णांची अशीच वाटचाल होते. काहींचे तर निरोगी दात एकामागून एक काढले जातात.

माझी आई पंच्याऐंशीची आहे. वडिलांना पोलाद कारखान्यात नोकरी लागली तेव्हा ती वर्ध्याहून येथे आली, पण तिची भाषा वर्ध्याचीच राहिली. ती म्हणाली, "अरे, हा ठणका नाही. ठणका माणसाला रात्रभर झोपू देत नाही. तू झोपतोस. ही सणक आहे." मी ते तेव्हा वहीत लिहून ठेवले, कारण निरीक्षण म्हणून ते चोख होते.

दुसऱ्या दंतवैद्यांनी दाढांवर एकेक करून हलकेच ठोकून पाहिले. दुखले नाही. मग कापसाचा बोळा वरच्या ओठाला नुसता लावला आणि मी खुर्चीत ताठ झालो. "दाताचा दोष नाही," त्या म्हणाल्या आणि त्यांनी मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे पाठवले. हे डॉक्टर रायपूरचे. त्यांनी आधी तपासणीचे कागद मागितले नाहीत, प्रश्न विचारले. किती सेकंद टिकते? एका बाजूला की दोन्ही? मधल्या काळात गाल बधिर असतो का? झोपेतून जाग येते का? मी वही उघडली आणि आईचे वाक्य हिंदीत समजावून सांगितले. ते हसले नाहीत. त्यांनी ते टिपून घेतले.

ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचे निदान मुख्यतः रुग्णाच्या सांगण्यावरून होते, ही बाब विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी. हा आजार रक्ताच्या कोणत्याही चाचणीत दिसत नाही. एमआरआय काढतात तो मुख्यतः गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस यांसारखे दुसरे कारण तर नाही ना हे पाहण्यासाठी, आणि मज्जातंतूला रक्तवाहिनी टेकली आहे का हे कळण्यासाठी. वय कमी असेल, दोन्ही बाजूंना झटके येत असतील, गाल बधिर पडत असेल किंवा ऐकू कमी येत असेल, तर हा शोध अधिक काळजीने घ्यावा लागतो. तोंड अचानक एका बाजूला वाकडे होणे मात्र निराळे. चेहऱ्याची हालचाल सातव्या मज्जातंतूकडे असते. ते लक्षण पक्षाघाताचे असू शकते आणि तेव्हा तडक रुग्णालय गाठायचे असते.

माझा दोष पाचव्यात. कपाळ, गाल आणि जबडा अशा तीन शाखांतून तो चेहऱ्याच्या संवेदना मेंदूकडे नेतो. ट्रायजेमिनल या नावाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थच 'तिळे' असा आहे. तो मेंदूच्या खोडात शिरतो त्या जागी पुष्कळदा एखादी रोहिणी त्याला टेकलेली असते. तिच्या ठोक्यागणिक तंतूंवरचे मायलिनचे आवरण झिजत जाते आणि उघडे पडलेले शेजारी तंतू एकमेकांना उत्तेजित करू लागतात. स्पर्शाचा संदेश वेदनेच्या वाटेला लागतो. वडील कारखान्याच्या विद्युत विभागात होते. केबलचे आवरण गेले की ती शेजारणीच्या घरचे बोलू लागते, असे ते म्हणत. आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या आकृत्यांपेक्षा मला हेच अधिक पटते.

फ्रान्समध्ये निकोला आंद्रे याने १७५६ मध्ये आणि लंडनमध्ये जॉन फोदरगिल याने १७७३ मध्ये या वेदनेचे वर्णन केले. त्यांच्याजवळही रुग्णाच्या शब्दांपलीकडे फारसे काही नव्हते. आज ज्या गोळीवर मी वर्गात बोलतो ते कार्बामाझेपिन १९५३ मध्ये बाझेलच्या गायगी कंपनीत वाल्टर शिंडलर यांनी तयार केले. या वेदनेवर ते चालते हे स्वीडनच्या ब्लोम यांनी १९६२ मध्ये सांगितले. साध्या वेदनाशामक गोळ्या येथे निरुपयोगी ठरतात. कार्बामाझेपिन सोडियमच्या वाहिन्यांना अडवते, आणि जो तंतू अतिशय भराभर संदेश सोडतो त्याला अधिक अडवते. त्यामुळे उन्मत्त तंतू शांत होतो आणि बाकीचे बरेचसे आपले काम करत राहतात. बरेचसे, सगळे नव्हे! पहिले दहा दिवस मला जिना उतरताना कठड्याला धरावे लागे. रक्तातले सोडियमही घटू शकते, म्हणून तपासण्या कराव्या लागतात. मात्रा सावकाश वाढवायची असते आणि गोळी स्वतःच्या मनाने एकाएकी बंद करायची नसते.

गोळी लिहून देण्यापूर्वी डॉक्टरांनी विचारले की पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर पुरळ उठले होते का. कार्बामाझेपिनमुळे क्वचित कोणाची त्वचा भाजल्यासारखी सुटते आणि त्यात जीवही जाऊ शकतो. तैवानच्या संशोधकांनी २००४ मध्ये या प्रतिक्रियेचा संबंध एचएलए-बी*१५:०२ या जनुकप्रकाराशी जोडून दाखवला. पुढे तेथेच ४,८७७ जणांची औषधापूर्वी चाचणी करून, हा प्रकार असणाऱ्यांना ते औषध दिलेच नाही. एकालाही तो भीषण विकार झाला नाही, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. मला वैद्यकातले हे फार सुंदर काम वाटते. माझीही चाचणी झाली. अहवालाची वाट पाहत असतानाच, ९ जानेवारी २०२५ रोजी, जीनोम इंडिया प्रकल्पातील दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती संशोधकांसाठी खुली झाल्याची बातमी आली. एरवी मी ती वर्गात 'अमुक इतका विदा' म्हणून सांगून पुढे गेलो असतो. पण असा जनुकप्रकार आपल्याकडे कोणत्या समाजगटात किती आढळतो, हे तैवानच्या आकड्यांवरून ठरवता येत नाही. त्यासाठी आपलीच माणसे मोजावी लागतात. माझा अहवाल निर्दोष आला आणि त्याच रात्री गोळी सुरू झाली.

एक तक्रार मात्र आहे. वर्तमानपत्रे या आजाराला 'आत्महत्येचा रोग' म्हणतात. मध्यरात्री मोबाइलवर आपल्या दुखण्याचे नाव शोधणाऱ्या माणसाला पहिल्या ओळीत हे वाचायला मिळते. ज्याचे निदान होऊ शकते आणि ज्यावर इलाज आहेत, त्या आजाराला असे नाव देणे मला क्रूर वाटते. मनात तसे विचार आलेच, तर तेही डॉक्टरांना सांगायचे लक्षणच आहे. १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेली-मानस सेवा रात्रीही उपलब्ध असते.

माझ्या एमआरआयमध्ये उजवीकडे एक रोहिणी मज्जातंतूला टेकलेली दिसते. गोळीचा गुण ओसरला तर ती अलगद बाजूला करून मध्ये टेफ्लॉनची गादी ठेवण्याची शस्त्रक्रिया आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ती करण्याची वाट पीटर जॅनेटा यांनी १९६० च्या दशकात रुळवली. सध्या दिवसाला सहाशे मिलिग्रॅमवर भागते आहे. थंडीत स्कूटरवर तोंडाला मफलर बांधतो. प्रकाशिकीचा राहिलेला भाग फेब्रुवारीत मी स्वतः बोलून पूर्ण केला, आणि पहिल्या बाकावरच्या त्या मुलीने वाचून दाखवलेल्या पाठांत उच्चाराच्या ज्या दोन चुका राहिल्या होत्या त्याही दुरुस्त केल्या. ती म्हणाली, "सर, आप लिखते थे तब ज़्यादा समझ में आता था।"