पाहुण्याचा आवाज

बारावीचा निकाल लागला त्या दिवसापासून आमचे चिरंजीव स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे राहू लागले. हाक मारली की जेवायला यायचे, विचारले तेवढेच बोलायचे आणि खोलीत जाऊन आतून कडी लावायची. निकाल काय लागला असेल हे सुज्ञ वाचकांस सांगायला नको. त्या दिवशी मीही नको ते बोलून बसलो होतो. फळ्यावरचे पुसता येते, बोललेले पुसता येत नाही. वीस वर्षे मास्तरकी करूनही हे मला उशिराच कळले.

एका रात्री दाराआडून गाणे ऐकू आले. आधी हलकी गिटार, मग एक भरदार पुरुषी आवाज. मराठीचा प्राध्यापक झालो तरी इंग्रजी कळण्याइतपत कळते. जगणे नकोसे झालेल्या माणसाचे ते गाणे होते! माझ्या पायांतले बळच गेले. दार वाजवले. कडी निघाली.

"कोण गातोय हा?" मी विचारले. बाप विचारायला जातो एक आणि विचारतो भलतेच.

चिरंजीवांनी चार महिन्यांत बोलले नसतील इतके शब्द एका दमात खर्च केले. कॅन्डलमास नावाचे स्टॉकहोमचे हेवी मेटल वाद्यवृंद. लाइफ एडलिंग हा त्यांचा म्होरक्या, बास वाजवतो आणि गाणी रचतो. ही त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका, १० जून १९८६ची. नाव 'एपिकस डूमिकस मेटॅलिकस'.

"लॅटिन?"

"थट्टेची लॅटिन, बाबा."

शब्दाला अनुस्वार चिकटवून संस्कृत बोलणारे महाभाग आपल्याकडेही आहेतच, तेव्हा मला ही मंडळी एकदम ओळखीची वाटली. मौज म्हणजे 'एपिक डूम' या साऱ्या गायनप्रकाराची ओळख पुढे याच थट्टेशी जोडली गेली. त्या साली या क्षेत्रात वेगाची चढाओढ होती. अमेरिकेतल्या स्लेयरने १९८६ मध्येच दहा गाणी अर्ध्या तासाच्या आत उरकली. या स्वीडिश मंडळींनी सहा गाण्यांना चाळीस मिनिटांहून अधिक घेतली. बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथचा तो जुना, जड, रेंगाळणारा ठेका त्यांनी पुन्हा उचलला. खप बेताचाच झाला, आणि ब्लॅक ड्रॅगन या फ्रेंच कंपनीने त्यांना वर्षाच्या आत सोडून दिले.

"म्हणजे नापासच की!" मी म्हणालो, आणि जीभ चावली. पण चिरंजीव चक्क हसले.

"आणि हा गातोय ना, योहान लेंगक्विस्ट, हा त्यांचा नव्हताच. मुद्रणापुरता पाहुणा. गायला आणि निघून गेला. पुढच्या मुद्रिकेला दुसराच गायक."

"मग?"

"मग २०१८ साली परत आला. बत्तीस वर्षांनी! २०१९ची मुद्रिका त्यानेच गायली."

आता मूळ प्रश्न टाळण्यात अर्थ नव्हता. पहिले गाणे, 'सॉलिट्यूड', मी पुन्हा लावायला सांगितले. संपल्यावर विचारले, "तुला असं वाटतं का रे?"

तो बराच वेळ गप्प होता. "कधी कधी वाटतं. वाटलं की हे लावतो. मग जरा हलकं होतं."

दुःखाचे गाणे माणसाला दुःखात लोटते की हात देऊन वर काढते, यावर मी वर्गात तासच्या तास व्याख्याने झोडली आहेत. त्यातले एकही वाक्य त्या क्षणी आठवले नाही. "वाटलं की हे लाव, पण मला हाक मार. रात्रीचे दोन वाजलेले असोत," एवढेच म्हणालो. त्याने मान हलवली. मी पलंगाच्या कडेवर बसलो आणि सहाही गाणी ऐकली. चौथ्याला पेंगलो, हेही कबूल करतो.

निघताना तो म्हणाला, "बाबा, बत्तीस वर्षं तो काय करत असेल हो?"

मला सांगता आले नाही. त्या रात्री कडी मात्र लागली नाही. दार उघडेच राहिल्यामुळे आवाज साऱ्या घरात घुमला, आणि साडेबाराला आमच्या सौभाग्यवती येऊन आम्हा दोघांनाही बोल लावून गेल्या.